मिटलेले डोळे उघडून मिळतील

१

कॉम्प्युटर सुरू होत असताना त्याच्याकडे बघायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही. आमच्या घरात नियम पुष्कळ होते. पण ‘विचारायचं नाही’ हे शेपूट लावलेला हा एकच.

अप्पा रोज सकाळी साडेनऊला दुकान उघडायचे, उदबत्ती ओवाळायचे, सीपीयूचं बटण दाबायचे आणि लगेच मॉनिटरवर काळं कापड टाकायचे. पूर्वीच्या स्टँड कॅमेऱ्याचं ते कापड. त्यात डोकं घालून ते फोकस बघायचे. मग कोपऱ्यावरच्या गाड्यावर जाऊन चहा घ्यायचे, सहा मिनिटांनी परत यायचे, कापड काढून घडी घालायचे. तोवर मशीन सुरू झालेलं असायचं. मशीन नवं होतं तेव्हा मिनिटभरात व्हायचं. कापड तेव्हाही होतं.

कॉम्प्युटर आला २००४ साली. मी तेव्हा बारावीत होते. एकदा मी कापडाचं टोक उचलायला गेले, तर रत्नव्वा आत्तीनं माझा हात धरला. आत्ती म्हणजे अप्पांची थोरली बहीण. माझी अव्वा, म्हणजे आई, मी सहा वर्षांची असताना गेली, तेव्हापासून मला आत्तीनंच वाढवलं. तिच्या मनगटावर चार ठिपके गोंदलेले आहेत. तिनं हात सोडला तेव्हा माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे चार वळ उठले होते. पुढे मी बीसीएसला गेले, कॉम्प्युटर सुरू होतो म्हणजे आत नेमकं काय होतं ते तीन वर्षं शिकले, आणि घरी येऊन अप्पांना पायरी-पायरीनं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत कापड टाकलं.

दुकान राजारामपुरीत. एका बाजूला दाताचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला इंग्लिश स्पीकिंगचा क्लास. पाटीवर ‘शांभवी फोटो स्टुडिओ’, म्हणजे अव्वाचं नाव. खाली बारीक अक्षरात: ‘पासपोर्ट, लग्न, बारसे. मिटलेले डोळे उघडून मिळतील.’

त्या शेवटच्या वाक्यावर आमचं घर चालायचं. आमच्यात माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. भिंतीला टेकवून, कपाळाला विभूती, गळ्यात हार. नेण्याआधी एक फोटो काढतात. खेड्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा आयुष्यातला तो एकमेव फोटो. मग कार्याला फ्रेम पाहिजे म्हणून पोरं तो फोटो घेऊन अप्पांकडे यायची. अप्पा आधी मागून डोकं सावरून धरणारे हात पुसून टाकायचे, मग मान सरळ करायचे, आणि सगळ्यात शेवटी डोळे उघडायचे. दुसरे स्टुडिओवाले यासाठी मुलाचा नाहीतर मुलीचा फोटो मागतात आणि त्यातले डोळे चिकटवतात. ते चिकटवलेलेच दिसतात. अप्पा कुणाकडे काही मागत नसत. त्यांनी केलेली म्हातारी भिंतीवरून खरंच बघायची. म्हणून लोक निपाणीपासून यायचे.

ते डोळे कुठून येतात हे मी कधी विचारलं नाही. असेल एखादी सीडी, एवढंच डोक्यात होतं.

२००९ च्या मे महिन्यात मला पुण्याला नोकरी लागली. एक तारखेला हजर व्हायचं होतं. घरात सुतक पडल्यासारखं झालं. अप्पांनी माझी झापड पुढे केली. मला लहानपणापासून अशी सवय आहे, म्हणजे सवय असं डॉक्टर म्हणाले. बसल्या जागी डोळे मिटतात आणि काही वेळ मी नसतेच. कॉम्प्युटर आला त्याच वर्षी मी अशीच स्कूटीवरून पडले. तेव्हापासून गाडी बंद. रक्त तपासून झालं, डोकं तपासून झालं, कुठं काही सापडलं नाही. पुण्यात रस्त्यात काही झालं तर, असं अप्पा म्हणत राहिले.

आत्ती मात्र वेगळंच बोलली. ती म्हणाली, “तू गेलीस तर दुकान बंद पडंल.”

मी दुकानात बसत नव्हते. फक्त सोमवारी सकाळी जायचे, कारण लाईट तपासायला अप्पांना स्टुलावर कुणीतरी लागायचं. पाच-सहा फोटो काढायचे आणि जा म्हणायचे. सहा वर्षांची असल्यापासून दर सोमवारी. बोलून माया दाखवणारा माणूस नाही, त्यांची ही रीत, असं मी धरून चालले होते.

२

जायच्या आधी त्यांचं मशीन तरी माणसात आणून ठेवावं, असं मी ठरवलं. रुबीना माझी वर्गमैत्रीण, त्याच रस्त्यावर कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होती. तिनं पुण्याहून एक एसएसडी मागवून घेतली. कोल्हापुरात तेव्हा ती कुणी डोळ्यांनी बघितली नव्हती. वहीच्या अर्ध्या पानाएवढी चपटी डबी. आत फिरणारं काही नाही, आवाज नाही, गरम होणं नाही. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी ती बसवायची, जुनीवरचं सगळं तिच्यावर जसंच्या तसं उतरवायचं, झालं.

रविवारी अप्पा आणि आत्ती जोतिबाला गेले. संध्याकाळशिवाय येणार नव्हते. रुबीना आणि मी दहा वाजता शटर अर्धं वर केलं.

जुनी डिस्क आयुष्यभर एकच आवाज करायची, आत कुणी अडकित्त्यानं सुपारी कातरतंय असा. उतरवणं सुरू झाल्यावर तो आवाज तीन तास थांबला नाही. आम्ही भडंग खात बसलो. आदल्या दिवशी मुरगूडचे आकाराम म्हणून कुणी आईचा फोटो देऊन गेले होते, तो स्कॅनरशेजारी पडला होता. खोल गालांची म्हातारी, डोळे मिटलेले, दोन्ही कानांवर मागून धरलेले कुणाचे तरी पंजे. रुबीनानं तो उचलून बघितला आणि पालथा ठेवला.

डिस्क निम्मी एका फोल्डरनंच भरली आहे, हे तिच्या लक्षात आलं. फोल्डरचं नाव होतं ‘डोळे’. मी म्हटलं, अप्पांचा धंदाच तो आहे.

दीडच्या सुमारास नवी ड्राइव्ह बसवून झाली. मी बटण दाबलं. रुबीनाचं लक्ष टेबलावरच्या काळ्या कापडाकडे गेलं, तिला आमचा नियम माहीत होता. ती म्हणाली, “टाकायचं नव्हं?”

मी म्हटलं, अठरा सेकंदांत सुरू होणाऱ्या मशीनला घुंगट कशाला.

आधी मदरबोर्डची पांढरी अक्षरं आली. मग विंडोजचं चिन्ह. मग डेस्कटॉप येण्याआधी पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो, तसा झाला. जुना फुगीर काचेचा मॉनिटर, बाहेर रणरणतं ऊन. काळ्या काचेत आम्ही दोघी दिसलो. दोन सेकंद, जास्त नाही. मग निळं आकाश आणि हिरवी टेकडी आली.

रुबीना म्हणाली, “शिवे, डोळे का मिटलीस?”

मी मिटले नव्हते. मी तिच्यासारखीच टक लावून बघत होते. आणि काचेत तिचे डोळे उघडे होते, माझे मिटलेले. मी ते बघितलं होतं. उघड्या डोळ्यांनी बघितलं होतं.

३

मी विज्ञान शिकलेली मुलगी आहे. मी म्हटलं, पापणी लवली असेल. म्हटलं, काच वाकडी आहे, ऊन तिरपं आहे. मशीन बंद केलं, परत सुरू केलं. एसएसडीचा हा फायदा, चहाचा कप गार व्हायच्या आत चार वेळा करून बघता येतं. आम्ही नऊ वेळा केलं. नऊच्या नऊ वेळा काळ्या पडद्यात रुबीना बघत होती आणि तिच्या शेजारी मी झोपलेली होते.

मी खुर्ची बदलली, तेच. रुबीना डावीकडून उजवीकडे आली, तेच. तिनं तिच्या दुकानातून दुसरा जुना मॉनिटर रिक्षात घालून आणला. तेच. मी कॅमेरा लावून त्या दोन सेकंदांचा फोटो काढला, त्यात नुसता काळा चौकोन आला. शोकेसच्या काचेत, स्टीलच्या कपाटावर, दवाखान्याच्या काचेच्या दारात माझे डोळे उघडे होते. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, ताई, दात दुखतोय का.

मग मी तो फोल्डर उघडला.

एक हजार एकशे चार फाईली. प्रत्येकीत डोळ्यांची एकच जोडी, भुवयांपासून गालापर्यंत कापलेली. जवळजवळ प्रत्येक फाईलला गावाचं आणि माणसाचं नाव. सिद्धनेर्ली, धोंडुबाई. मुरगूड, पिराजी. ज्यांना ते लावले त्यांची नावं. एकदा लावलेली जोडी दुसऱ्याला लावलेली दिसत नव्हती.

माझ्या डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक तीळ आहे. तो अकराशे चार वेळा होता.

मी खाली-खाली जात राहिले. वरचे डोळे बाविशीतले, खालचे सतराव्या वर्षातले. कुठल्याच जोडीत हसू नव्हतं. दर सोमवारी स्टुलावर बसणाऱ्या मुलीचे डोळे. रुबीनानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. ती तारखा बघत होती.

“अठरा मार्च,” ती म्हणाली. “गेल्या वर्षीचा. आपलं प्रॅक्टिकल.”

त्या दिवशी परीक्षेत मी कीबोर्डवर डोकं टेकवलं होतं आणि माझा अर्धा तास गेला होता. मला वाचवायला रुबीना बाईंशी भांडली होती, म्हणून तिला वेळ पाठ होती. अकरा वीस ते अकरा पन्नास. फाईल उघडलेली अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी. सेव्ह केलेली अकरा बावन्नला.

मी वाद घातला. म्हटलं, अकराशे फाईली आहेत, कुठल्याही तारखेला एखादी जुळणारच. ती म्हणाली, मग माझ्या बहिणीच्या लग्नाची बघ. त्या लग्नात जेवणाच्या पंगतीत माझे डोळे मिटले होते, व्हिडिओत आहे, तिच्या घरी अजून सगळे हसतात. जुळली. मी स्कूटीची बघितली. दवाखान्याचा कागद मी जपून ठेवला आहे, त्यावर वेळ आहे. जुळली. अप्पांनी उघडल्यापासून सेव्ह करेपर्यंत स्कूटीच्या वेळची फाईल पाच मिनिटांची होती. प्रॅक्टिकलची तेहेतीस. मागच्या आठवड्यातली बावन्न.

चौथी तारीख आम्ही शोधली नाही.

४

रुबीनाला घरी जायचं होतं. तिनं तसं म्हटलं नाही, पण स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकले. मी तिला ते परत काढायला लावले. मला जुनी डिस्क पुन्हा बसवायची होती.

ती म्हणाली, आता नको. मी म्हटलं, दोन सेकंदांत काय दिसणार? जुन्या डिस्कवर तो काळा पडदा मिनिटभर तरी राहत असणार. सहा मिनिटांसाठी कापड टाकत होते, ते काय लपवत होते ते मला बघायचं आहे. माझंच तोंड आहे, मला बघायचा हक्क नाही का? तिनं स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. मग म्हणाली, “बघ. मी शटरपाशी उभी राहतो. तुझ्या मागंच.”

साडेतीन वाजले होते. क्लासमधून पोरं एका सुरात इंग्रजी वाक्यं म्हणत होती. मी जुनी डिस्क जोडली, अप्पांच्या खुर्चीवर बसले आणि बटण दाबलं. सुपारी कातरायला सुरुवात झाली. पांढरी अक्षरं. चिन्ह. चिन्हाखालची निळी पट्टी फिरत राहिली, फिरत राहिली. मग काळोख.

सुपारीचा आवाजही थांबला. सीपीयूवरचा लाल दिवा नुसता पेटून राहिला.

काचेत मी होते. डोळे मिटलेले. मी ठरवलं होतं की घाबरायचं नाही, नीट बघायचं, एकेक गोष्ट लक्षात ठेवायची. म्हणून मी बघत राहिले. माझ्या कपाळावर पांढरं काहीतरी होतं. त्या दिवशी मी विभूती लावली नव्हती, मी कधीच लावत नाही. मी हात कपाळाला नेला. काचेतली मी हलली नाही. तिचे हात मांडीवर होते, कुणीतरी जुळवून ठेवल्यासारखे. गळ्याशी काही जाड, गोल दिसत होतं. मान सरळ होती. माझी मान अशी कधी सरळ नसते.

मग मला हात दिसले. तिच्या दोन्ही कानांवर, मागून धरलेले. डोकं पडू नये म्हणून धरतात तसे. डावा हात बारीक, मनगटावर चार ठिपके. उजवा पुरुषाचा. त्याच्या अंगठ्याचं नख काळं, डार्करूमच्या दिवसांत रसायनानं जळलेलं, जे नंतर कधी उजळलं नाही.

माझ्या कानांना काही लागत नव्हतं. मी हात लावून बघितला. पोरं पलीकडे म्हणत होती की त्यांना सिनेमा बघायला आवडतं.

काचेतल्या तिच्या पापण्या थरथरल्या. स्वप्न पडताना हलतात तशा नाही. कुणीतरी नखानं कड शोधत असावं तशा. एक कड उचलली गेली. डावी. खाली काय होतं ते मी बघितलं, आणि तेवढ्यात अडकित्ता पुन्हा सुरू झाला आणि हिरवी टेकडी आली.

खाली काही नव्हतं. एवढंच मला सांगता येतं. पांढरं नाही, काळं नाही, तीळ नाही.

रुबीना पुढे आली, वायर उपटली, जुनी डिस्क काढून ओढणीत गुंडाळली. “मागं कुणी न्हवतं,” ती म्हणाली. “मी सारखं बघत होतो. कुणीसुद्धा न्हवतं, शिवे.”

मी तिला ती डिस्क घेऊन जायला सांगितलं. मग नवी ड्राइव्ह बसवली आणि तिच्यावरचा ‘डोळे’ फोल्डर पुसला. अकराशे चार जोड्या जायला चार सेकंद लागले. शेवटच्या तीन फाईलींना अजून कुणाचं नाव नव्हतं. गेल्या सोमवारचे उरलेले.

५

सोमवारी मी त्यांच्या आधी दुकानात गेले. स्टूल नेहमीच्या जागी ओढून ठेवलं, छत्रीवाले दोन्ही दिवे लावले. अप्पा आले, मागोमाग आत्ती जेवणाचा डबा घेऊन. तीही सोमवारी यायचीच. आतल्या दाराशी उभी राहायची, फोटो होईपर्यंत. इतकी वर्षं मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

मुरगूडचे आकाराम बाकावर येऊन बसले होते. पन्नाशीचा माणूस, नवीन धोतर, मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी. दुसऱ्या दिवशी आईचं कार्य होतं.

अप्पांनी उदबत्ती ओवाळली, बटण दाबलं आणि ड्रॉवरमधून कापड काढलं. ते उलगडेपर्यंत मशीन सुरू झालं होतं. अप्पा कापड हातात धरून उभे राहिले. हिरव्या टेकडीकडे बघितलं. मग सीपीयूला कान लावला. आत आवाज नव्हता. मग माझ्याकडे वळले, आणि मी काय बघितलं ते त्यांना कळलं. त्यांनी काही विचारलं नाही, तेव्हाच मला ते कळलं.

“बस, शिवा,” ते म्हणाले. “लाईट बघू.”

मी म्हटलं, बसणार नाही.

आकाराम एकदा माझ्याकडे, एकदा अप्पांकडे बघायला लागले. अप्पांनी त्यांना सांगितलं की पोरीची तब्येत बरी नसते. मी सांगितलं की तब्येत उत्तम आहे, फोल्डर पुसलाय, जुनी डिस्क या दुकानात नाही, आणि आजपासून माझा एकही फोटो इथं निघणार नाही. अप्पा खुर्चीवर बसले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

बोलली ती आत्ती. दार सोडून ती दिव्यात आली. म्हणाली, “तुझ्या अव्वापासनं सुरू झालं हे. फोटोवाल्याची बायको, आणि घरात तिचा एक फोटो न्हवता. बसवल्याला तेवढाच. तू रात्रंदिवस रडायचीस, अव्वा बघत न्हाय म्हणायचीस. तुझं डोळं लावलं आणि ती बघाय लागली. तूच गप झालीस तिच्याकडं बघून.”

हे मला माहीत नव्हतं. अव्वाचा फोटो घरी देवघराशेजारी आहे. मी रोज त्याला नमस्कार करून कॉलेजला गेले आहे. माझी नजर खाली गेली, आणि आत्तीला ते दिसलं, कारण तिचा आवाज मऊ झाला. ती म्हणाली, तुझं काय जातं? घटकाभर डोळा लागतो. आणि एवढी माणसं आपापल्या घरात पोराबाळांकडं बघत बसल्यात. पुण्य लागंल.

मी म्हटलं, “आधी पाच मिनिटं जायची. मागच्या आठवड्यात बावन्न गेली. पुढच्या वर्षी किती जातील ते सांग. मी उठले नाही तर मलाही असंच बसवणार ना? माझे कान कोण धरणार तेही मी बघितलंय.”

आत्तीनं पदराखाली हात घेतले.

आकाराम उठून उभे राहिले होते. त्यांना सगळं कळलं नव्हतं, पण आपल्या आईवरून काहीतरी बिनसलंय एवढं कळलं होतं. त्यांनी टोपी काढली, परत घातली. म्हणाले, “पावणं, डोळ्याचीच अडचण असंल तर माझं घ्या की. ल्योक हाय मी तिचा. दुसऱ्याच्या पोरीचं कशापायी?”

अप्पा खालच्या फरशीकडे बघत म्हणाले की तुमचे चालत नाहीत.

“का चालत न्हाईत?”

उत्तर मी दिलं. मी म्हटलं, काका, तुमचे चालतील. कुणाचेही चालतात. फक्त परक्याचे घ्यायचे तर त्याला आधी सांगावं लागतं, आणि तुम्हाला सांगितलं तर तुम्ही देणार नाही. म्हणून घरातलं पोर शोधायचं, ज्याला विचारायची गरज नाही. आकारामांनी स्कॅनरशेजारचा आईचा फोटो उचलला आणि ते परत बाकावर बसले. तो त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला. मग म्हणाले की त्यांना तो मिटल्या डोळ्यांचाच चालेल, आहे तसा मोठा करून द्या, तिनं मिटले ते तिच्या मनानं मिटले असतील.

मी हो म्हटलं. पण विषय तिथं संपत नव्हता. उद्या दुसरं कुणी येणार होतं, परवा तिसरं. मी पुण्याला गेल्यावर आत्ती माझ्या चुलतभावाच्या पोरीला सुट्टीत बोलावणार होती. ते मला माहीत होतं, कारण महिन्यापूर्वी तिनं तसं बोलून दाखवलं होतं. पोर पाच वर्षांची आहे. डोळे मोठे आहेत तिचे, सगळे कौतुक करतात.

मी शोकेसमधून कॅमेरा काढला. दिवे तापले होते. स्टुलावर पांढरा गोल उजेड पडला होता.

“अप्पा,” मी म्हटलं, “घटकाभर डोळा लागतो, बाकी काही होत नाही. पुण्य लागतं. मग आज तुम्ही बसा. तुम्हाला नको असेल तर आत्ती बसेल. दोघांतलं कुणीही. पण माझे डोळे यापुढे मिळणार नाहीत, आणि त्या पोरीचेही नाहीत.”

अप्पांनी आत्तीकडे बघितलं. आत्ती भिंतीकडे बघत होती. आकाराम अप्पांकडे बघत होते. रस्त्यावरून केएमटीची बस गेली आणि शोकेसची काच थरथरली. अप्पांनी तोंड उघडलं, आणि मला वाटलं आता ते माझ्या प्रश्नाचं उत्तर देतील, पुढच्या वर्षी माझी किती मिनिटं जातील ते. पण त्यांनी नुसता श्वास घेतला.

मी कॅमेरा डोळ्याला लावला, रिकाम्या स्टुलावर फोकस केला. कुणी पुढं आलं नाही.